तिसऱ्या मजल्यावरचं पायपुसणं

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते सोमवारी सकाळी पावणेदहाला, लिफ्टमध्ये. पोट तसं ठणठणीत होतं. दुखत होतं ते समोर चिकटवलेल्या कागदामुळे.

कागदावर लिहिलं होतं की गुरुवारी लिफ्टची सुरक्षा तपासणी आहे. बाहेरून तपासनीस येणार, या लिफ्टपासून कामावरच्या माणसांना काय काय धोका आहे त्याची यादी करणार, आणि त्यांच्याबरोबर रोज लिफ्ट वापरणाऱ्यांच्या वतीने एक प्रतिनिधी असणार. खाली प्रतिनिधीचं नाव होतं, ठळक टाइपात, आडनावासकट. आडनाव थोरलीचंही तेच, कारण प्रतिनिधी म्हणजे तिची धाकटी जाऊ.

आता थोरली कोण, हे सांगायला हवं. ती या तीन मजली ऑफिसात चहा द्यायची. ऑफिसची नाही, ठेकेदाराची माणूस. तळमजल्यावर पँट्री, तिथून ट्रॉली निघायची, ट्रॉलीवर दोन थर्मास, कपांची चळत, बिस्किटांचा डबा. दिवसाला बावीस फेऱ्या, एकोणीस वर्षं. एवढ्या वर्षांत तिला सगळे मावशी म्हणत आले आणि तिचं नाव काय हे कुणी विचारलं नाही. घरी ती थोरली. सासूबाई थोरली म्हणायच्या, दीर वहिनी म्हणायचा, नवरा तर हाकच मारायचा नाही, नुसता खाकरायचा. म्हणजे नाव असं तिचं कुठे लागतच नव्हतं, आणि त्याचं तिला फारसं वाटलंही नव्हतं. धाकटीचं लागलं तेव्हा वाटलं.

धाकटी सहा वर्षांपूर्वी घरात आली, पदवी घेऊन. तळमजल्यावर दारासमोरच्या टेबलाशी तिला बसवलं ते थोरलीच्याच शब्दावर. मॅनेजरसाहेबांना कप देता देता तिनेच सांगितलं होतं, "माझी जाऊ शिकलेली आहे, बघा तुमच्या रिकाम्या जागेवर." आणि मग त्या जागेवर गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसून धाकटी सगळ्या ऑफिसची लाडकी झाली. अक्षर सुंदर, बोलणं मऊ, फोन उचलायची तेव्हा वाटे पलीकडच्याला आता बरंच वाटेल. घरी तेच. गॅसचं बिल असो की औषधाची चिठ्ठी, सासूबाईंचं एकच, "धाकटीला दाखव, तिला कळतं." थोरलीने हे सहा वर्षं ऐकून घेतलं होतं. पण लिफ्ट? लिफ्टमधलं धाकटीला काय कळतं?

कारण धाकटी लिफ्टमध्ये बसतच नव्हती.

याचं कारण ऑफिसात फक्त थोरलीला माहीत होतं. धाकटीच्या लग्नानंतर महिनाभरात दोघी एका मोठ्या दुकानात गेल्या होत्या. लिफ्टचं दार लागलं आणि या शिकलेल्या पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने थोरलीचा हात असा धरला की सोडवता सुटेना. लहानपणी कधीतरी कोठीच्या खोलीत दिवसभर कोंडली गेली होती म्हणे. बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, सांगू नका ना कुणाला." थोरलीने सांगितलं नाही. ऑफिसात धाकटी जिन्याने जायची आणि विचारलं तर हसून म्हणायची, तेवढाच व्यायाम. थोरली शेजारून ट्रॉली ढकलत जायची आणि गप्प बसायची. तेवढा मोठेपणा तिच्याकडे होता, हे तिच्या खात्यावर मांडायला हवं.

लिफ्टचं खरं कळत होतं ते थोरलीला. दुसरा मजला ओलांडताना लिफ्ट एक उचकी द्यायची. दार लागताना शेवटच्या चार बोटांवर आधी अडायचं, मग लागायचं. आणि तिसऱ्या मजल्यावर ती जागेवर थांबायची नाही. गर्दी असली की नीट थांबे, पण आत एकटी थोरली आणि तिची ट्रॉली असली की जमिनीच्या बरोबरीला यायची आणि आणखी थोडी वर सरकून मग थांबायची. दार उघडलं की खाली पायरी. ट्रॉली धाडकन उतरायची, कप नाचायचे, चहा बशीत.

तीन वर्षांपूर्वी हे सुरू झालं तेव्हा पायरी बोटभर होती. तिने ठेकेदाराच्या मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, "बंद पडली की सांगा मावशी, चालतेय तोवर कशाला खाजवायचं?" मग तिने आपल्या पद्धतीने बंदोबस्त केला. पँट्रीतलं जुनं जाड पायपुसणं तिसऱ्या मजल्यावर दाराशी एक घडी घालून टाकलं. ट्रॉली त्यावरून अलगद उतरायला लागली. पायरी वाढली तशी तिने दोन घड्या घातल्या. मग खाली रबराचा तुकडा सारला. दर शनिवारी धुवायची, सोमवारी आल्या आल्या परत टाकायची. लोकांना वाटायचं काय स्वच्छतेची आवड आहे बाईंना.

तिसऱ्या मजल्यावर पेन्शनची खिडकी होती. महिन्याच्या सुरुवातीला म्हातारी माणसं यायची, काठी टेकत, कागद छातीशी धरून. तळमजल्यावरून चढणारी बाकी माणसं पहिल्या, दुसऱ्यावर उतरून जायची आणि एखादे आजोबा, एखादी आजी एकटीच वर पोचायची. त्यांचे पाय पायपुसण्यावर पडायचे आणि त्यांना पायरी आहे हे कळायचंसुद्धा नाही. तीन वर्षांत एक माणूस पडलं नाही. ही थोरलीची कमाई, आणि ती कुठल्याच कागदावर नव्हती.

तेव्हा सोमवारी त्या कागदापुढे तिचा जीव का जळला, हे आता वेगळं सांगायला नको. लिफ्टची माणूस म्हणून कुणाचं नाव लागायचंच होतं तर ते तिचं. एवढीच एक जागा होती जगात जिथे ती धाकटीपेक्षा जास्त होती.

बुधवारी संध्याकाळी धाकटी ओट्याशी येऊन उभी राहिली. थोरली भाजी चिरत होती. धाकटी म्हणाली, "ताई, त्या कागदाबद्दल मला जरा बोलायचं होतं."

"बोलायचं काय त्यात? नाव आलं, चांगलं झालं," थोरली म्हणाली. "आता मोठ्या लोकांत बसायचं. आम्ही आपला चहा आणून देऊ."

"तसं नाही ताई, मी साहेबांना..."

"तो डबा दे इकडे. आणि तिकडे जा, सासूबाई हाक मारतायत."

सासूबाईंनी हाक मारली नव्हती. धाकटी डबा ठेवून गेली. थोरलीने भाजी इतकी बारीक चिरली की रात्री नवऱ्याने विचारलं, ही कोशिंबीर आहे का.

तिने ठरवून टाकलं होतं. तोंडातून अक्षर काढायचं नाही. प्रतिनिधी आहे ना, तिने सांगावं. पायरी सांगावी, उचकी सांगावी, गर्दीत नीट थांबते आणि रिकामी चढते हे सांगावं. बघू या पदवी काय म्हणते.

गुरुवारी अकराला ती तिसऱ्या मजल्यावर कप गोळा करत होती तेव्हा लिफ्ट आली. आत चौघं होते. तपासनीस, पन्नाशीचा, खिशात टॉर्च आणि हातात पट्टी. मॅनेजरसाहेब. दर महिन्याला येऊन वहीत सही करून जाणारा मेकॅनिक. आणि मागे कोपऱ्यात धाकटी, पाठ भिंतीला चिकटलेली, ओठ कोरडे, फाइल दोन्ही हातांनी गच्च धरलेली. मोठ्या लोकांत मिरवायचं म्हणून जीव मुठीत धरून बसली की काय, असं थोरलीच्या मनात आलं.

चौघांच्या वजनाने लिफ्ट शहाण्यासारखी जागेवर थांबली होती. तपासनीसाने खाली बसून पट्टी लावली. "तीन मिलिमीटर. ठीक आहे." तो उठला, त्याने बाहेर पाऊल टाकलं आणि त्याचा बूट पायपुसण्याच्या घडीत अडकला. सावरला, पण चिडला.

"हे काय आहे? कुणी ठेवलंय हे इथे? तपासणी धोक्यांची आणि दारातच अडथळा."

धाकटीने थोरलीकडे बघितलं, तोंड उघडलं. थोरलीने ट्रॉली वळवली.

"काढून टाका," तपासनीस म्हणाला. मॅनेजरसाहेबांनी दोन बोटांनी पायपुसणं उचललं, मेलेला उंदीर उचलावा तसं, आणि जिन्याच्या कोपऱ्यात फेकलं. खालचा रबराचा तुकडा त्यांनी बुटाने बाजूला सारला. तीन वर्षं शनिवारी शनिवारी धुतलेलं पायपुसणं. थोरली जिन्याने खाली उतरली. ट्रॉली तिथेच राहिली.

साडेबाराला मीटिंगच्या खोलीत चहा मागवला. टेबलाभोवती तेच चौघं. धाकटीसमोर कप ठेवताना थोरलीला वाटलं, हेही बघायचं होतं, जावेला ऑफिसात चहा वाढायचा. घरी वाढते ते निराळं, घरी उष्टी भांडी तरी दोघी मिळून घासतो. धाकटी कपाला हात लावायला तयार नव्हती.

तपासनीस पानं उलटत बोलत होता. दाराची दुरुस्ती, आतला आपत्कालीन फोन, मशीनच्या खोलीला कुलूप. बाकी लिफ्ट बरी आहे. पायपुसणं काढलंय. सही झाली की प्रमाणपत्र, पुढची तपासणी वर्षाने.

वर्षाने. उद्या पहिली तारीख. उद्या ते काठीवाले आजोबा येतील, डाव्या डोळ्याने न दिसणारे, आणि दार उघडल्यावर पायाखाली काही नसेल. थोरलीच्या मनात आलं, पडेल एखादं, मग विचारू या प्रतिनिधीबाईंना. हा विचार आला आणि क्षणभर गोड लागला, हे लपवण्यात अर्थ नाही. मग त्या आजोबांचा हात आठवला, कप घेताना थरथरणारा, आणि त्या गोडीची तिला किळस आली. पण तोंड उघडेना. ते उघडलं तेही चांगुलपणाने नव्हे.

"तुमचं काय म्हणणं?" तपासनीसाने धाकटीला विचारलं. "रोज वापरता ना लिफ्ट?"

"वापरते की, दिवसातून दहादा वर-खाली असते," मॅनेजरसाहेबच म्हणाले.

"सर, मी खरं म्हणजे..." धाकटीने सुरू केलं.

"ती बसत नाही लिफ्टमध्ये," थोरली म्हणाली. किटली हातात होती, आवाज तिलाच अनोळखी वाटला. "सहा वर्षांत आज पहिल्यांदा बसली. जिन्यानं जाते. भीती वाटते तिला. दार लागलं की पांढरी पडते."

बोलून टाकलं. सहा वर्षं जपलेलं गुपित एका घोटात. थोरलीने धाकटीकडे बघितलं नाही, बघायचं धाडस झालं नाही. तिला वाटलं होतं हलकं वाटेल. वाटलंही, दोन श्वास.

धाकटीने फाइल उघडली आणि एक कागद काढून तपासनीसासमोर ठेवला. "हे मी सोमवारीच लिहून दिलं होतं," ती म्हणाली. आवाज तसाच मऊ. मॅनेजरसाहेबांना एकदम खोकला आला.

तपासनीसाने कागद वाचला, पहिल्यांदा मनात, मग मोठ्याने. "मी लिफ्ट वापरत नाही. प्रतिनिधी म्हणून माझं नाव काढून माझ्या थोरल्या जाऊबाईंचं घालावं. त्या एकोणीस वर्षं रोज या लिफ्टने जातात. लिफ्टमधलं त्यांच्याइतकं इथे कुणालाच कळत नाही." खाली लाल शाईत मॅनेजरसाहेबांचा शेरा होता. तोही त्याने वाचला. "ठेक्यावरची माणसं चालणार नाहीत. तुम्हीच बसा."

थोरलीच्या हातातली किटली जड झाली. तिने ती टेबलावर ठेवली, लाकडावर डाग पडेल याचा विचार न करता.

"या जाऊबाई कोण?" तपासनीसाने विचारलं.

"मी," थोरली म्हणाली.

"मग सांगा."

तिला गप्प बसता आलं असतं. पण आता गप्प बसून धाकटीपेक्षा आणखी लहान व्हायचं, हे तिच्याने होणार नव्हतं. ती म्हणाली, "तुम्ही चौघं चढलात म्हणून ती नीट थांबली. चला दाखवते. तुम्ही जिन्यानं वर जा. लिफ्टमध्ये कुणी यायचं नाही."

सगळे जिन्याने गेले, मॅनेजरसाहेब धापा टाकत. लिफ्ट खाली मागवून थोरली एकटी आत शिरली, ट्रॉलीशिवाय, आणि तीनचं बटण दाबलं. कागद अजून समोर चिकटलेला होता, धाकटीच्या नावाचा. दुसऱ्यावर उचकी. तिसरा आला, गेला, लिफ्ट थांबली. दार उघडलं तेव्हा समोर सगळ्यांची डोकी तिच्यापेक्षा जरा खाली होती.

तपासनीसाने पट्टी लावली. दोनदा लावली. "चाळीस मिलिमीटर," तो म्हणाला आणि त्याने मेकॅनिककडे बघितलं. मेकॅनिकने हातातली वही पाठीमागे नेली.

"ब्रेक घासलाय," तपासनीस सगळ्यांना समजेल असं बोलला. "रिकामी लिफ्ट हलकी. पलीकडचं वजन तिला वर ओढतं, आणि ब्रेक धरत नाही तोवर ती सरकते. आज चार सेंटिमीटर. उद्या किती, आणि कधी दार उघडं असताना, ते सांगता येत नाही. बाई, हे किती दिवस चाललंय?"

थोरलीने कोपऱ्यातलं पायपुसणं आणलं आणि जमिनीवर पसरलं. घड्यांच्या रेघा त्यात उमटलेल्याच होत्या. "इथे नव्या खिडक्या बसवल्या तेव्हा एक घडी," ती म्हणाली. "जुने साहेब रिटायर झाले त्या आठवड्यात दोन. खालचं रबर गेल्या थंडीत घातलं." धाकटी प्रत्येक गोष्टीची तारीख सांगत गेली. खिडक्यांचं बिल, साहेबांचा निरोप समारंभ, सगळं तिच्या डोक्यात होतं. तपासनीस लिहीत गेला.

"तुमच्या वहीत तीन वर्षं नुसत्या सह्या," तो मेकॅनिकला म्हणाला. "खरी नोंद या पायपुसण्यात आहे." मग थोरलीकडे वळला. "पण तुमचीही चूक आहे. तुम्ही पायरी झाकली म्हणून ती कुणाला दिसली नाही. हेही मी लिहिणार."

"लिहा," थोरली म्हणाली.

"नाव काय तुमचं?"

तिने नाव सांगितलं. पूर्ण, नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि कुणी विचारलं नव्हतं तरी माहेरचंही. तपासनीसाने एकेक अक्षर लिहून घेतलं.

लिफ्ट दुपारीच बंद झाली. पेन्शनची खिडकी तळमजल्यावर आली. लिफ्टच्या दारावर नवा कागद लागला, प्रतिनिधी म्हणून थोरलीचं नाव, ठळक, आडनावासकट. टाइप धाकटीनेच केला होता. थोरली त्यापुढे बराच वेळ उभी राहिली. सुखाने ऊर भरून आला आणि त्याच श्वासात एक कळ आली. चांगुलपणातही हिचाच पहिला नंबर. ही चिडली असती, घरी जाऊन चार शब्द बोलली असती, तर फिट्टंफाट झाली असती. ही चिडतही नाही.

तीन आठवडे चहा जिन्याने गेला. पहिल्याच दिवशी धाकटीने न विचारता मोठा थर्मास उचलला.

"दे इकडे, झेपतं मला," थोरली म्हणाली.

"तुमच्या गुडघ्याचं माहीत आहे मला," धाकटी म्हणाली आणि पुढे झाली. सहा वर्षं जिने चढलेले पाय. थोरलीला त्या पायांचाही हेवा वाटला.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थोरली थांबली. "भीतीचं मी बोलायला नको होतं."

"हो," धाकटी म्हणाली. "नको होतं." पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ नव्हता. थोरलीला त्यानेच जरा बरं वाटलं.

नवा ब्रेक बसला. तपासनीस आला, पट्टी लावून गेला. त्यानंतर थोरली रिकाम्या लिफ्टमधून एकटी पाच वेळा वर-खाली गेली. मग ती समोरच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "चल. तिसऱ्यापर्यंत. मी तपासलीय."

धाकटी येणार नाही असं तिला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर येऊ नये असंही थोडं वाटत होतं. लिफ्ट तिची होती. धाकटीने दाराकडे बघितलं आणि उठून हात पुढे केला. दार लागलं. दुसऱ्या मजल्यावरची उचकीही गेली होती. तिसऱ्यावर लिफ्ट जमिनीला जमीन लागून थांबली.

"काही वाटलं नाही ताई," धाकटी बाहेर येऊन म्हणाली. "तुम्ही होतात ना."

ती जिन्याने खाली गेली. थोरलीने आपला तळहात बघितला. चार नखं, चार लाल चंद्रकोरी, एकातून रक्ताचा थेंब यायच्या बेतात.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "धाकटी बसली म्हणे तुमच्या लिफ्टमध्ये. फोनवर दिराला सांगत होती तुझ्या. घाबरली का गं?"

थोरली भांडी विसळत होती. पाणी त्या खुणांना झोंबत होतं.

"नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही."

"होतीच ती धीट," सासूबाई म्हणाल्या. "मला माहीतच होतं."

थोरलीने तेही गिळलं आणि पुढचं भांडं घेतलं.